हद्द कोणी ओलांडली?

सोनकांबळे मॅडम स्टाफरूममध्ये कुणालाच नावानं हाक मारत नसत. ज्याचा जो विषय, तेच त्याचं नाव. "अहो इतिहास, पंखा जरा कमी करा." "भूगोल, तुमचा डबा गळून राहिला." मी मराठी शिकवतो, म्हणून मी 'मराठी'. नांदेडच्या या कॉलेजात लागलो त्याच दिवशी त्यांनी माझं बारसं उरकलं आणि ते नाव अजून चालू आहे. एकदा त्यांनी आत येता येता "रसायन आलं का हो?" असं मोठ्यानं विचारलं, आणि रसायन, म्हणजे आमचे प्राचार्य, त्यांच्या पाठीशीच उभे होते. "आलंय," प्राचार्य म्हणाले. मॅडमनी जरासुद्धा न गडबडता पिशवीतून मूठभर उकडलेल्या शेंगा काढून त्यांच्या हातावर ठेवल्या.

त्या शेंगा त्यांच्या पिशवीत हंगामभर असायच्या. बरोबर उत्तर देणाऱ्याला शेंगा, चुकीचं देणाऱ्याला "बस खाली." अंगानं ठेंगण्या, साडी सुती आणि कडक इस्त्रीची, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. चालायच्या अशा की बरोबरचा माणूस आपोआप मागं पडायचा. शिकवायच्या अर्थशास्त्र, पण त्यांचा जीव त्यातल्या एकाच कोपऱ्यात अडकला होता. एका देशातून दुसऱ्या देशात जाणारा माल मोजतात तशा जाणाऱ्या सेवा कशा मोजायच्या, त्यांचे खाने कसे पाडायचे, हा तो कोपरा. मला सुरुवातीला वाटायचं, बाईंना हा विषय कुणीतरी शिक्षा म्हणून दिला असणार. नांदेडात कुणाला पडलंय त्याचं? पण त्यांना पडलं होतं, आणि त्यांच्या शेजारी बसून बसून मलाही पडायला लागलं.

त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून. मी इकडं करुणरस शिकवत असायचो आणि भिंतीपलीकडून साठ-सत्तर पोरांची आरोळी यायची, "गिऱ्हाईकानं!" शेवटी एक दिवस माझा तास सोडून मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"समजा नांदेड एक देश आणि लातूर दुसरा," मॅडम सांगत होत्या. "लोहा आपल्यात, अहमदपूर त्यांच्यात. मधी हद्द."

"मॅडम, माळाकोळी कुणाची?" मागच्या बाकावरून एकजण.

"आपलीच. बस खाली. आता लातूरचे क्लास म्हणजे सेवा. आपलं लेकरू तिकडं जाऊन राहिलं, खोली केली, मेस लावली. हद्द कोणी ओलांडली?"

"गिऱ्हाईकानं!"

"लातूरचे सर मोबाइलवर शिकवून राहिले अन् आपलं लेकरू इथं गादीवर लोळून ऐकून राहिलं. हद्द कोणी ओलांडली?"

"नुस्त्या सेवेनं!"

"लातूरच्या क्लासनं आपल्या इथं माडी भाड्यानं घेतली, बोर्ड लावला?"

"दुकानानं!"

"अन् सर सकाळच्या एस्टीनं आले, शिकवलं, संध्याकाळी परत गेले?"

"माणसानं!"

"झालं. जगात सेवा विकायचे एवढेच प्रकार हायेत. पाचवा सापडला तर मला येऊन सांगा, मी अख्खं पोतं शेंगा देते."

मी भिंतीपलीकडं परत गेलो तेव्हा माझा करुणरस पार विस्कटला होता. पण त्या दिवसापासून मला रस्त्यानं जाताना दुसरं काही दिसेनासं झालं. पुस्तकातल्या क्रमानं न्हावी घरी आला की चौथा प्रकार, माणसानं; आपण न्हाव्याकडं गेलो की दुसरा, गिऱ्हाईकानं. भूगोलच्या मुलीच्या लग्नात मेंदी काढणारी बाई परभणीहून आली, तर मॅडम ताटावरून उठून मला खुणेनं विचारतात, "मराठी?" मी घास गिळून सांगतो, "माणसानं." समाधानानं त्या परत जेवायला बसतात. वऱ्हाडी मंडळी आमच्याकडं बघत राहतात.

त्यांचं म्हणणं असं, की माल मोजणं हे काही कौतुक नव्हे. माल दिसतो. तो पेटीत बसतो, नाक्यावर थांबतो, तिथं सरकारचा माणूस त्याचं वजन करतो. सेवेला नाका नाही. ती कुणाच्या डोक्यातून निघते, तारेतून जाते, कुणाच्या तरी पोटात जिरते. मग ती मोजायची तर माणसांना विचारत बसावं लागतं. बँकेला विचारा, बाहेरून आलेला पैसा कशासाठी आला. कंपनीला विचारा, तिकडच्याला काय काय करून दिलं. प्रवाशाला विचारा, इथं काय खाल्लं-प्यालं. आणि इतकं विचारूनही दोन देशांचे आकडे कधी जुळायचे नाहीत. एक म्हणतो मी इतकं दिलं, दुसरा म्हणतो मला इतकं मिळालंच नाही. यावर कुणी हसलं की मॅडम म्हणायच्या, "हसू नका. शेजारणीला वाटीभर साखर देऊन बघा. देणारी म्हणती शीग लावून दिली, घेणारी म्हणती सपाट होती. दोघीबी खऱ्या असत्यात."

दरवर्षी एकदा त्या पोरांना घेऊन बाहेर पडायच्या. आमच्या गावात परदेशातून शीख यात्रेकरू पुष्कळ येतात. त्यांना भेटायचं, आणि नीट विचारायचं की राहता कुठं, किती दिवसांसाठी आलात, कशावर खर्च झाला. मीही एका वर्षी गेलो, कारण मॅडमनी सांगितलं की पोरांची हिंदी सुधारायची जबाबदारी माझी. मराठीच्या मास्तरावर हिंदीची जबाबदारी, असो. गजानन नावाचा एक पोरगा होता, अर्धापूरचा, बापाची केळीची बाग. त्यानं एका म्हाताऱ्या सरदारजींना गाठलं. बाबाजी कॅनडाहून आलेले, पांढरी शुभ्र दाढी, हातात काठी.

"बाबाजी, आप कहाँ के रहनेवाले?"

"पुत्तर, हम तो यहीं के हैं," बाबाजी म्हणाले.

गजाननानं मान डोलावली आणि लिहिलं, रहिवासी, नांदेड. पुढं विचारायचा प्रश्नच नाही, नांदेडच्या माणसानं नांदेडात खर्च केला तर त्यात कुठला देश आला? तो पुढच्या माणसाकडं निघाला होता. मॅडमनी ते पाहिलं आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

"आरं, ते मनानं इथले हायेत. आपल्याला मनाचं न्हाई विचारायचं. चूल कुठं पेटती ते विचार."

गजाननानं बाबाजींना विचारलं, चूल कहाँ जलती है? बाबाजींना काही कळेना. त्यांना वाटलं पोरगं उपाशी आहे. त्यांनी त्याला हाताला धरून लंगरात नेऊन बसवलं आणि आपणही शेजारी बसले. मग आम्हालाही बसावं लागलं. जेवता जेवता गजाननानंच मॅडमला विचारलं की हे जेवण कोणत्या खान्यात टाकायचं. मॅडमनी हातातली पोळी थांबवली, बराच वेळ विचार केला. "पुस्तकवाले टाकत असतील कुठंतरी," त्या म्हणाल्या. "पण ज्याचं मोल लावायचंच न्हाई असं ठरवून कुणी वाढून राहिलंय, ते गुमान खावं."

परत येताना गजाननानं आम्हाला अर्धापूरला बागेत नेलं. तिथं केळीच्या घडाखाली उभं राहून मॅडमनी जे शिकवलं ते मी आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. "ह्या बागेतलं केळं पेटीत बसून आखाताला गेलं तर तो माल," त्या म्हणाल्या. "अन् त्येच केळं त्या कॅनडाच्या बाबाजींनी नांदेडात स्टेशनवर घेऊन खाल्लं, तर ती सेवा. प्रवाशानं इथं जे जे स्वतःसाठी घेतलं, ते समदं 'प्रवास' ह्या एकाच खान्यात जातंय, अन् प्रवास ही सेवा हाय." गजाननाचे वडील कंबरेवर हात ठेवून ऐकत होते. "म्हंजी बाई, केळं त्येच, खाणारा कुठला त्येच्यावर हाय म्हणा की," ते म्हणाले. "हाव!" मॅडम इतक्या खूश झाल्या की पिशवीतल्या उरलेल्या सगळ्या शेंगा त्यांनाच देऊन टाकल्या.

मग विद्यापीठाची बाहेरून परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी याच विषयाचं एक छोटं मराठी पुस्तक करायचं निघालं. मजकूर मॅडमचा, भाषा तपासायला मी. दुपारी तास संपले की आम्ही स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसायचो. बाकी सगळं सुरळीत चाललं होतं. 'निवासी'ला त्यांनी 'रहिवासी' केलं, कारण निवासी म्हटलं की पोरांना वसतिगृहच दिसतं. मला पटलं. मग मी पुढच्या पानावर, देशाबाहेर राहणाऱ्यासाठी, सरकारी कागदावर असतो तो 'अनिवासी' शब्द लिहिला. मॅडमनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"ह्यो शब्द न्हाई चालायचा."

"मॅडम, सगळीकडं हाच आहे. बँकेत आहे, कायद्यात आहे."

"असू द्या. अनिवासी म्हंजी जिला निवासच न्हाई अशी. बिनघराची. अहो मराठी, तुम्हीच सांगा, पुस्तकाचा पहिला नियम काय? प्रत्येक माणूस एका अन् एकाच देशाचा रहिवासी असतोय. बिनघराचं कुणीच नसतंय. मग हा 'अ' कुठून आला?"

मी म्हणालो, तुम्ही 'जिला' म्हणालात. नियमात तर नुसता 'माणूस' आहे. त्यावर त्या शेंगा सोलत बसल्या.

'जी' कोण ते मला ठाऊक होतं. मॅडमची एकुलती एक मुलगी, सुजाता. यजमान एस.टी.त होते, ती शाळेत असतानाच गेले. मग त्या दोन खोल्यांच्या घरात दोघीच. तीही लहानपणापासून खाने पाडण्यातच वाढलेली. पाणीवाला टँकर आला की दारातून ओरडायची, "आई, माणसानं!" लातुरात मावशीकडं शिकायला असताना पाण्याचे जे हाल पाहिले, त्यावरून तिनं पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र धरलं आणि पुढं शिकायला जर्मनीला गेली. कुणी मॅडमना विचारलं की मुलगी काय, तिकडचीच झाली का, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "शिकायला गेलेलं लेकरू अन् दवाखान्यात गेलेला पेशंट, किती का दिवस लागंनात, घरचेच धरायचे. नियमच हाय तसा. सुजाता नांदेडची रहिवासी हाय." असं सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. मला तर कधीकधी वाटायचं, हा नियम जगातल्या मोठ्या लोकांनी खास सोनकांबळे मॅडमसाठीच केलाय.

पण शिक्षण संपतं. सुजाताला तिथंच नोकरी लागली. देगलूरचा एक मुलगा तिकडं कामाला होता, त्याच्याशी जमलं. लग्न नायगावला, मॅडमच्या माहेरच्या गावी, साधं आणि छान झालं, आणि दोघं परत गेली. त्यानंतर मॅडम रहिवासाबद्दल बोलायच्या बंद झाल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बरी हाय." पुस्तकातली ती जागा आम्ही रिकामीच ठेवली होती. पेन्सिलीनं गोल केलेला, आत काही नाही.

मग सुजाताला दिवस गेले, आणि मॅडममध्ये परत वारं शिरलं. त्या तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, तरी रोज दुपारी स्टाफरूममध्ये यायच्याच. पहिलं बाळंतपण माहेरी, यात त्यांना तिळभर शंका नव्हती. पुढच्या खोलीला चुना दिला. अळीव आणले, डिंक आणला, बाळंतविड्याच्या गोधड्या शिवायला टाकल्या. शेकशेगडीसाठी कोळसा कुठं चांगला मिळतो ते रसायनला विचारलं, आणि प्राचार्यांनी ते गांभीर्यानं सांगितलं. मला त्या म्हणाल्या, "माझी आई रोजानं जायची दुसऱ्याच्या रानात. तरी माझं बाळंतपण नायगावला तिनं केलं. पहाटं उठून मला शेक द्यायची अन् मग कामावर जायची. माझी लेक माझ्या घरी आली न्हाई तर मी कसली आई?" त्या हे अगदी साधेपणानं म्हणाल्या.

आणि तिकडच्या डॉक्टरांनी सुजाताला विमानात बसायला मनाई केली. काळजीचं काही नव्हतं, पण प्रवास नको.

मॅडम दोन-चार दिवस आल्याच नाहीत. आल्या तेव्हा पिशवीत शेंगा नव्हत्या. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, त्यात काय, तुम्ही जा. त्यावर जे कळलं ते इतिहासपासून रसायनपर्यंत कुणालाच खरं वाटेना. आयुष्यभर आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवणाऱ्या या बाईकडं पासपोर्टच नव्हता. "हद्द मोजायला ती ओलांडावी लागत न्हाई," त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या. पण अडचण पासपोर्टची नव्हती. तो निघतो, निघालाही. अडचण अशी होती की लेक माहेरी आली असती तर चूल कुठंही पेटो, पहिलं लेकरू आजीच्या घरात जन्मलं असतं. आपण तिकडं गेलो की तिचं घर तिकडं झालं, हे आपल्याच पायानं जाऊन कबूल करायचं. त्यांना ते जड जात होतं, आणि मला त्यांची फार दया आली. दया म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं.

असं चाललेलं असतानाच एका दुपारी बँकेतून फोन आला. फोन नसरीनचा. ती मॅडमची जुनी विद्यार्थिनी, आता परदेशातून येणारे पैसे तिच्याच टेबलावरून जमा होतात. मॅडम मला म्हणाल्या, "चला मराठी, पोरगी काहीतरी घोळ घालून राहिली." आम्ही गेलो.

"मॅडम, सुजाताचे पैसे आले," नसरीन म्हणाली. "पण कशासाठी, ह्याच्यापुढं तिनं लिवलंय, सेवा. बाळंतपणाची सेवा. मग मी सेवेच्या निर्यातीत टाकू का?"

"येडी का खुळी तू? माझ्या वर्गात बसून काय शिकलीस?"

"हेच शिकले ना! सेवेला नाका न्हाई, बँकेनं विचारलं पायजे. म्हणून विचारून राहिले." मग तिनं चेहरा गंभीर ठेवून पुढचा प्रश्न केला, जो तिला नियमानं करायचाच होता. "तुम्ही तिकडं काय सेवा देता, मॅडम?"

"तिच्या जल्मापासून देऊन राहिले," मॅडम म्हणाल्या.

रांगेतला एक म्हातारा हसला. मॅडमनी तिथल्या तिथं सुजाताला फोन लावला आणि ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा केला. त्यामुळं पुढचं सगळं मी, नसरीन आणि तो म्हातारा अशा तिघांनीही ऐकलं.

"काय गं, सेवा काय लिहितीस?"

"मग काय लिहू?" सुजाता हसत होती. "तिकिटाचे पैसे म्हणून पाठवले तर तू परत पाठवशील. म्हणून पुस्तकाप्रमाणं लिहिलं. तू तिकडची रहिवासी. इकडं येऊन काम करणार. हद्द कोणी ओलांडली? माणसानं. चौथा प्रकार. काय चुकलं?"

"अन् तू?"

मग हसू नसलेल्या आवाजात सुजाता म्हणाली, "मी इथली रहिवासी झाले गं आई. चूल इथं पेटते. तुला केव्हाचं माहीत आहे. मला तू इथं पाहिजे आहेस."

मॅडम काउंटरची कड धरून उभ्या होत्या. दोरीचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला, परत उतरवला. मला वाटलं त्या आता फोन ठेवतील.

"हाव," त्या म्हणाल्या. "झालीस. मी येते."

फोन बंद करून त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि लगेच त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. "नसरीन, ऐक. बाळंतपणाचा मोबदला आई घेत नसती. त्ये सेवेत टाकलंस तर देशाचा आकडा चुकंल अन् माझं नाव बदनाम होईल. हे नातेवाइकानं घरासाठी पाठवलेले पैसे. तो खाना येगळा हाय, त्यात टाक."

नसरीननं पडद्यावरचं वाचलं, "अनिवासी नातेवाइकाकडून, कुटुंबाच्या..."

"तिकडच्या रहिवासी लेकीकडून, असं म्हण."

"मॅडम, पडद्यावरचं बदलता येत न्हाई."

"पडद्यावर राहू दे की. तोंडानं म्हण."

"तिकडच्या रहिवासी लेकीकडून," नसरीन म्हणाली आणि बटण दाबलं. रांगेतला म्हातारा पुढं सरकला.

बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, ते पेन्सिलीचं वर्तुळ भरून टाका. 'तिकडचा रहिवासी' लिहा. मी लिहिलं. विद्यापीठातल्या तपासनिसांनी त्यावर लाल रेघ मारली, हा शब्द प्रमाण नाही म्हणून. मी त्यांना चार पानी पत्र लिहिलं. माझ्या आयुष्यात मी एका शब्दासाठी इतका भांडलो नव्हतो, आणि तो शब्द पुस्तकात तसाच राहिला याचा मला अजून आनंद आहे.

मॅडम निघाल्या तेव्हा सकाळी त्यांना सोडायला आम्ही स्टेशनवर गेलो. नांदेडहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमान. मी, भूगोल, नसरीन, आणि अर्धापूरहून आलेला गजानन. त्यानं बागेतली हिरवी कच्ची केळी कागदात गुंडाळून आणली होती. नसरीनला काळजी, तिकडं विमानतळावर काढून घेतील. "सुजातानं विचारून घेतलंय," मॅडम म्हणाल्या, "केळं चालतंय." मग केळी पिशवीत ठेवता ठेवता थबकल्या आणि गजाननाकडं बघून म्हणाल्या, "बोल रे. हे आता माल का सेवा?"

गजानन बागायतदार झाला होता, मिशी आली होती, पण चेहरा परत बाकावरचा झाला. "मॅडम, मला वाटतं... दोन्हीबी न्हाई. आजी नेऊन राहिली ना."

"बस खाली," मॅडम म्हणाल्या, पण पिशवीच्या तळाशी हात घालून त्यांनी त्याला शेंगा काढून दिल्या. विमानातसुद्धा त्या शेंगा घेऊन निघाल्या होत्या.

त्या खिडकीशी बसल्या. अळीव, डिंक, गोधड्यांचं गाठोडं वरच्या फळीवर. चष्म्याची दोरी त्या बोटाला गुंडाळत होत्या, परत सोडत होत्या. मला वाटलं घाबरल्या असतील. त्यांचं मन हलकं करावं म्हणून मी खिडकीपाशी गेलो आणि त्यांचाच प्रश्न त्यांना घातला.

"मॅडम, हद्द कोणी ओलांडली?"

"तुम्ही सांगा, मराठी."

"माणसानं. चौथा प्रकार."

त्यांनी मान हलवली. "चुकलं. दुसरा प्रकार."

"दुसरा? पण सुजाता तर तिकडंच आहे. गिऱ्हाईक कुठं हललं?"

"पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय, मराठी. लेक माहेरी येऊन राहिली." त्यांनी वरच्या गाठोड्याकडं बोट केलं, मग स्वतःकडं. "माहेरच तेवढं गाडीत बसलंय."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईंनी ही चूक जाणूनबुजून केली होती. मी काही म्हणणार तेवढ्यात गाडी हलली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, आणि मला वाटलं निरोपाचा असेल, म्हणून मीही हात वर केला. पण त्या शेंगा देत होत्या.